पाणी तिथे वाघ

यंदाच्या अंकाचा विषय ‘तहान’ आहे असं संपादकांनी कळवलं, तेव्हा टँकरच्या रांगांवर आणि कोरड्या विहिरींवर लिहिणारे पुष्कळ निघतील याची खात्री होती. म्हणून मी चंद्रपूरची वाट धरली. या जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला तरी कोणी मान वर करून बघत नाही. ४७ वर गेला तर वर्तमानपत्रात चौकट येते. आणि नेमक्या याच महिन्यात पुण्या-मुंबईची, नागपूर-हैदराबादची माणसं कितीतरी आधी बुकिंग करून, हजारो रुपये मोजून, ताडोबात उघड्या जिप्सीत बसायला येतात. दुसऱ्याच्या तहानेचा असा हंगाम आणि असा बाजार माझ्या तरी पाहण्यात दुसरा नाही.

पहाटे पाचच्या आगेमागे मोहर्लीच्या गेटवर जिप्सींची रांग लागलेली असते. ओळखपत्रं तपासली जातात, मोबाईल काढून ठेवावे लागतात. पर्यटकांच्या डोक्याला ओले दुपट्टे. एखादा जुना ड्रायव्हर ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवून असतो. दार उघडेपर्यंत गाइड आणि ड्रायव्हर आपसात जे बोलतात ते कान देऊन ऐकावं. त्यात जनावरांपेक्षा जागांची नावं जास्त येतात: तेलिया, जामुनबोडी, पांढरपौनी, पंचधारा, वसंत बंधारा. सगळी पाण्याची. कुठल्या पाण्यावर काल संध्याकाळी कोण होतं, कुठलं आटत आलंय, कुठल्या बोडीचा, म्हणजे लहान तळ्याचा, पंप बंद पडलाय. आमच्या गाइडने निघतानाच सांगून टाकलं, “वाघ नका शोधू जी. पाणी धरून बसा.”

बसलो. आणि बसल्यावर जे दिसत गेलं त्याचा माग काढत शेवटी जिप्सीतून उतरून तेंदूपत्त्याच्या फळीपर्यंत, म्हणजे तोडलेली पानं मोजून घेतात त्या जागेपर्यंत, जावं लागलं.

जंगल लहान होतं

ताडोबाचं जंगल पानगळीचं आहे. साग आणि बांबू मुख्य. त्यांच्या जोडीला ऐन, बीजा, धावडा, हळदू, तेंदू, मोह. ऑक्टोबरात हे जंगल इतकं गच्च असतं की रस्त्यापासून दहा हातांवर गवा उभा असला तरी कळत नाही. थंडी सरताना साग उघडा पडायला लागतो, पळस पेटतो, कुसुंबाला लालभडक पालवी फुटते, आणि एप्रिल लागेपर्यंत नजर झाडांच्या आरपार दूरवर पोचते. जमिनीवर सागाच्या पानांचा थर साचतो. वाळलेलं सागाचं पान पायाखाली पापडासारखं वाजतं. दबा धरून जगणाऱ्या जनावराला हा आवाज परवडत नाही, म्हणून वाघ-बिबटे जंगलातल्या कच्च्या रस्त्यांनी चालतात. रस्त्यावरची मऊ धूळ आवाज करत नाही. पर्यटकाला वाटतं, वाघ आपल्या वाटेवर आला. वस्तुस्थिती अशी की ती वाट त्याच्याही सोयीची आहे.

त्याच धुळीवर सकाळचं पहिलं वाचन होतं. गाइड जिप्सीतून बाहेर वाकून पंजे बघतो. काल संध्याकाळच्या टायरच्या खुणेवर पंजा उमटलेला असेल तर वाघ रात्री गेला. पंज्याच्या कडा अजून ढासळल्या नसतील, त्यावर किड्यामुंग्यांच्या रेघा उमटल्या नसतील, तर थोड्या वेळापूर्वीच. पंज्यांची रांग कुठे रस्ता सोडते हे बघितलं की पुढचा अंदाज सोपा असतो. मे महिन्यात ती बहुतेक वेळा उताराकडे वळते आणि उताराच्या टोकाला पाणी असतं.

अंधारी नदी या जंगलातून वाहते, पण ‘वाहते’ हे क्रियापद तिला पावसाळ्यात आणि हिवाळ्यातच लागू पडतं. उन्हाळ्यात तिचे डोह उरतात. नाले त्याआधीच आटतात. १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालेला सुमारे ११६ चौरस किलोमीटरचा जुना ताडोबा आणि १९८६ चं अंधारी अभयारण्य मिळून आज सुमारे ६२५ चौरस किलोमीटरचा गाभा आहे, भोवती अकराशे चौरस किलोमीटरच्या आसपास बफर. एवढ्या पसाऱ्यात बारमाही म्हणावं असं पाणी थोड्याच जागी. ताडोबाचा तलाव त्यात सगळ्यांत मोठा. त्यात मगरी आहेत, आणि काठी तारोबा या देवाचं ठाणं आहे, जिथे गोंड समाज पौषात जत्रेला येत आला आहे. पावसाळ्यात पाणी सगळीकडे असतं, म्हणून जनावरं सगळीकडे असतात, म्हणून दिसत नाहीत. मे महिन्यात वाघांची संख्या वाढत नाही. त्यांचं जंगल मोजक्या पाणवठ्यांभोवती आकसतं.

साइटिंग साइटिंग म्हणतात ते एवढंच.

पाणवठ्याचं वेळापत्रक

बफरमधल्या एका बोडीच्या काठी, वनखात्याच्या लोकांबरोबर आडोशाला बसून दिवस काढायला मिळाला. सफारीच्या दोन फेऱ्यांमध्ये पर्यटकांना मधली दुपार कधीच दिसत नाही, आणि खरं नाटक तिथेच आहे.

उजाडल्यावर पहिली येतात ती मोरं आणि वानरं. वानरांचा कळप झाडावरून उतरायला वेळ लावतो. दोघंतिघं उतरतात, बाकीची वर बसून राखण करतात, मग पाळी बदलते. पाण्याशी वाकलेलं जनावर सर्वांत दुबळं. मान खाली, कान पाण्याच्या आवाजात, मागचा भाग उघडा. वानर हे पुरतं जाणून असतं. त्यांच्या खालून चितळ सरकत पुढे येतात. या दोघांची सोबत वर्षभराची: वानर वरून अर्धवट खाल्लेला पाला टाकतं, चितळ तो खातं, वानराची नजर उंचावरून लांब जाते, चितळाचं नाक जमिनीलगत काम करतं. उन्हाळ्यात चारा उरत नाही तेव्हा या सांडलेल्या पाल्याची किंमत वाढते.

चितळाला रोज पाणी लागतं. पण पाणी समोर असून ते पंधरा-वीस मिनिटं नुसती उभी राहतात. एखादी जुनी मादी चार पावलं पुढे येते, एक पाय आपटते, थांबते, मागे वळते. सगळा कळप तिच्याबरोबर मागे. पुन्हा पुढे. बघणाऱ्याचा धीर सुटतो. शेवटी एकदम दहा-बारा तोंडं पाण्याला लागतात आणि दोनेक मिनिटांत सगळं आटोपतं. रोही, म्हणजे नीलगाय, याबाबतीत काटक. तिचं पाण्यावाचून काही दिवस निभतं. चौशिंग्याला मात्र तसं जमत नाही. हे इवलंसं जनावर एकटंदुकटं, भर उन्हात येतं, इतर कोणी नसतं तेव्हा.

भर उन्हात पाण्यावर शांतता असते असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. आग्या मोहोळाच्या माशा ओल्या चिखलावर शेकड्यांनी उतरतात, पोळं थंड ठेवायला पाणी नेतात. फुलपाखरं कडेच्या ओलीतले क्षार शोषत बसतात. स्वर्गीय नर्तकाचा नर, ते लांब पांढरं शेपूट घेऊन, बांबूवरून पाण्यात सूर मारतो आणि परत फांदीवर; घरटंही त्याने जवळच, पाण्यावर वाकलेल्या काडीला बांधलेलं असतं. लांब कुठेतरी पावशा ओरडत असतो. मी आणलेली दुर्बीण बहुतेक वेळ वाघासाठी नव्हे तर या पाखरासाठी डोळ्याला होती, हे कबूल करायला हरकत नाही.

वाघ आला तो दुपारी, उलटा. पाण्याच्या काठाशी येऊन वळला आणि मागचे पाय आधी पाण्यात घालत, शेपटीकडून आत सरकत गळ्यापर्यंत बसला. वाघ पाण्यात असेच बसतात; डोळ्यात पाणी जाऊ नये आणि तोंड जंगलाकडे राहावं, अशी दोन्ही कारणं जाणकार देतात. वाघाला माणसासारखा घाम येत नाही. अंगातली उष्णता घालवायला त्याच्यापाशी धापा टाकणं, सावली आणि पाणी एवढेच उपाय. म्हणून मे महिन्यातला वाघ शिकारी कमी आणि डुंबणारा जास्त. तासन्‌तास बसून राहतो. त्याच्या त्या बसण्याने बाकी सगळ्यांचं पाणी अडतं. चितळ आली, वास लागला, ओरडली, गेली. काठापर्यंत आलेला रानडुकरांचा कळप चिखल न लागताच फिरला. एका पाण्यावर एक वाघ बसला की भोवतालच्या जंगलाचं वेळापत्रक पुढे ढकललं जातं.

तो उठून गेल्यावर संध्याकाळी सांबर आले, गुडघाभर पाण्यात उभे राहिले. सांबराचं पाण्याशी वेगळंच नातं आहे. रानकुत्री मागे लागली तर सांबर पाण्यात शिरून त्यांच्याकडे तोंड करून उभं राहतं; पोहणाऱ्या कुत्र्यापेक्षा उभ्या सांबराची बाजू वरचढ असते. गवे अंधार पडता पडता येतात आणि आल्यावर घाई करत नाहीत, त्या आकाराच्या जनावराला घाई करायचं कारण नसतं. अस्वल बहुधा रात्रीचं. मार्च-एप्रिलात मोहाची फुलं, मग तेंदूची आणि उंबराची फळं, वारुळातली वाळवी असा त्याचा खुराक, आणि त्यावर पाणी. बिबट्या शेवटी. जिथे वाघाची वर्दळ आहे त्या पाण्यावर तो चोरासारखा येतो, दोन घोट पितो आणि जातो.

पंपावरचं जंगल

आता ज्या पाण्याबद्दल एवढं लिहिलं त्यातलं बरंचसं माणसाने आणलेलं आहे.

जंगलात फिरताना उथळ, गोल, सिमेंटच्या बश्या दिसतात. खात्यातले लोक त्यांना सॉसरच म्हणतात. कडा उताराच्या, म्हणजे पाडस किंवा कासव आत पडलं तरी बाहेर येऊ शकेल. जवळच बोअरवेल. पूर्वी तिच्यावर हातपंप असायचा आणि वनमजूर तो हाताने मारून बशी भरायचा, किंवा टँकर यायचा. आता बहुतेक ठिकाणी सौर पंप आहेत. ही व्यवस्था इथल्या उन्हाळ्याला फारच सोयीची. ऊन जितकं कडक तितका पंप जोरात. पण वानरं पॅनलवर चढतात, वायर ओढतात. अस्वल पाइप उकरतं. पॅनलवर धूळ बसली की पाण्याची धार बारीक होते, मग कोणीतरी जाऊन ती पुसावी लागते.

हा ‘कोणीतरी’ म्हणजे बीटचा वनरक्षक आणि त्याच्याबरोबरचे वनमजूर. उन्हाळ्यात त्यांच्या दिवसाची सुरुवात पाणवठ्यांच्या फेरीने होते. कुठे बशीतलं शेवाळ खरवडायचं, कुठे नाल्याच्या वाळूत झिरे उकरायचे. झिऱ्याचं तंत्र गावकऱ्यांचंच: वाळू हातभर उकरली की खालून पाणी पाझरतं, आणि ते बशीतल्यापेक्षा थंड व स्वच्छ असतं. त्याबरोबर दुसरी कामगिरी तपासणीची. पाण्याला वेगळा वास येतोय का, काठी मेलेली बेडकं, पाखरं दिसतात का, लिटमसचा कागद काय सांगतो. जनावर जिथे हमखास येणार ती जागा शिकाऱ्यालाही ठाऊक असते. २०१२ च्या उन्हाळ्यात चंद्रपूर जिल्ह्यात लोखंडी सापळ्यात अडकून वाघ मेला, तेव्हापासून पाणवठ्याकडे जाणाऱ्या पायवाटांवर धातूशोधक यंत्र फिरवणं गस्तीचा भाग झालं. याच दिवसांत वणवा. जाळरेषा मोकळ्या ठेवायच्या, धूर दिसला की पळायचं. पर्यटकाच्या फोटोत वाघाच्या मागे जे पाणी चमकतं त्यासाठी कोणाची तरी अख्खी सकाळ गेलेली असते, आणि त्या माणसाच्या पायात बहुतेकदा साध्या चपला असतात.

पाणी जास्त असलं म्हणजे चांगलंच, असं मात्र नाही. दक्षिण आफ्रिकेच्या क्रूगर उद्यानात हा धडा महागात पडला. तिथे कोरड्या उत्तर भागात बोअरवेल खोदून पाणवठे केले. पाण्यामागून झेब्रे आणि विल्डबीस्ट आले, त्यांच्यामागून सिंह आले, आणि त्या भागात आधीपासून तग धरून राहिलेलं रोन नावाचं दुर्मीळ हरिण, ज्याला उंच गवत आणि शांतता लागते, ते १९८६ मधल्या साडेचारशेंवरून १९९३ पर्यंत पन्नासच्या खाली आलं. त्यानंतर क्रूगरने आपले कितीतरी कृत्रिम पाणवठे मुद्दाम बंद केले. ताडोबा म्हणजे क्रूगर नव्हे. इथे पाऊस बरा आहे, आणि पाणवठे मुळात अशासाठी की तहानलेली जनावरं बफर ओलांडून गावविहिरींवर, कालव्यांवर जाऊ नयेत. हे कारण मला पटतं. पण प्रत्येक पाणवठ्याने चितळ वाढतं, चितळाने वाघ वाढतो, आणि एकट्यादुकट्या चौशिंग्यासारख्यांच्या वाट्याला काय येतं याचा हिशेब पर्यटनाच्या गणितात धरलेला नसतो.

कुंपणापाशी

आमचा तंबू बफरच्या कडेला होता. जेवणाच्या पडवीला वानरांचा वेढा, रात्री कौलावर उदमांजर, मागच्या वाटेवर साळिंदराची काटेरी पिसं. दिवा लावला की किडे, किड्यांवर रातवा. तारेच्या पलीकडे रोही शांतपणे उभी. कॅम्पभोवतीचं हे जग कोणाच्या यादीत नसतं आणि त्याला तिकीट लागत नाही. मला ते आतल्या फेरीइतकंच आवडलं.

एक गोष्ट खटकली. या पट्ट्यातल्या काही रिसॉर्टांनी कुंपणाला लागून आपली स्वतःची बशी बांधली आहे, वर मंद दिवा. पाहुण्यांनी व्हरांड्यात चहा पीत बिबट्या बघावा म्हणून. त्याच आवारात पोहण्याचा तलावही असतो. ज्या वाघ-बिबट्यांना गावापासून दूर ठेवण्यासाठी वनरक्षक आत झिरे उकरतो, त्यांनाच काही मैलांवर कोणी वस्तीकडे बोलावतो, हा उफराटा कारभार आहे. त्याच रस्त्याने सकाळी शाळेची मुलं सायकलवर जातात.

कॉल

आत जिप्सी एकदम थांबते, इंजिन बंद होतं, ड्रायव्हर बोट वर करतो. कॉल. चितळाची शिट्टीवजा ‘कूऽ’, वानराचं खोकल्यासारखं ‘खॅक’, भेकराचं भुंकणं, सांबराचा घंटेसारखा ‘पोंक’. गाइड लोकांची यांच्या विश्वासार्हतेबद्दल ठाम मतं आहेत. चितळ घाबरट, रानमांजर दिसलं तरी ओरडतं. वानर वरून प्रत्यक्ष बघून बोलतं, म्हणून बरं. सांबर मात्र उगाच तोंड उघडत नाही. सांबर बोललं आणि बोलतच राहिलं, तर गाडी हलवायची नाही.

गाडी हलवायची नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. आणि तरीही सांबर बोललं की वळणावळणाने सगळ्या जिप्स्या तिथे गोळा होतात. धूळ, धूर, दबक्या आवाजातली भांडणं. वाघ समोरून चालत येऊ लागला, इथल्या भाषेत ‘हेड-ऑन’ झाला, की गाड्या उलट्या पळतात, एकमेकींना कोंडतात. यात फक्त ड्रायव्हरला दोष देणं सोपं आहे. मागच्या सीटवर बसलेला माणूस वाघ दिसला नाही तर नाराज होतो, दिसला तर बक्षिसी देतो. ३१ डिसेंबर २०२४ ला शेजारच्या उमरेड-पवनी-करांडला अभयारण्यात एक वाघीण आणि तिचे बछडे जिप्सींच्या मध्ये असेच अडकले. त्याची चित्रफीत देशभर फिरली, नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. गाइड-ड्रायव्हरांवर कारवाई झाली. पर्यटक घरी गेले.

वाघांच्या प्रसिद्धीचंही मूळ पाण्यातच सापडतं. पांढरपौनीची माया देशातल्या सर्वांत जास्त फोटो निघालेल्या वाघिणींपैकी एक. ती सर्वांत देखणी होती असं तिचे चाहते म्हणतील. माझ्या मते तिने पर्यटनाच्या रस्त्यालगतचं, उन्हाळ्यात टिकणारं पाणी वर्षानुवर्षं राखलं, हे अधिक खरं कारण. आतल्या, रस्ता नसलेल्या नाल्याकाठी तेवढीच देखणी वाघीण अनामिक राहिली असेल. २०२३ च्या ऑगस्टनंतर माया दिसली नाही. नोव्हेंबरात जंगलात अवशेष सापडले आणि तपासणीत ते तिचेच ठरले. त्याच्या दोन वर्षं आधी, नोव्हेंबर २०२१ मध्ये, व्याघ्रगणनेच्या तयारीसाठी पायी निघालेल्या एका महिला वनरक्षकाचा वाघिणीच्या हल्ल्यात जीव गेला होता, आणि ती वाघीण माया असल्याचं सांगितलं गेलं. चाहत्यांच्या पोस्टमध्ये हा भाग क्वचित येतो.

बुद्धपौर्णिमा

वैशाखातल्या या रात्री पाणवठ्यांवर मचाणं बांधून माणसं बसतात. पूर्वी ती गणना मानली जायची. आता खातं त्याला ‘निसर्गानुभव’ म्हणतं, आणि ते प्रामाणिक नाव आहे; एकच अस्वल रात्रीतून दोन पाण्यांवर जाऊ शकतं आणि एकच सांबर तीनदा येऊ शकतं, त्यामुळे त्या तक्त्यातल्या आकड्याला फारसा अर्थ नसतो. वाघ आता कॅमेऱ्यांनी मोजतात. जंगलाचे दोन-दोन चौरस किलोमीटरचे चौकोन पाडून कॅमेरे लावतात, आणि प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असल्याने मोजणी जुळते. त्या पद्धतीने महाराष्ट्रात २०१४ साली १९०, २०१८ साली ३१२ आणि २०२२ साली ४४४ वाघांचा अंदाज निघाला. त्यांतले पुष्कळसे चंद्रपूर जिल्ह्यात, आणि जिल्ह्यातले सगळे काही ताडोबाच्या आत मावत नाहीत.

बिनतिकिटाचं दर्शन

हे न मावणारे वाघ मे महिन्यात कोणाला दिसतात? तेंदूपत्ता तोडणाऱ्या बायकांना.

शेतात काम नसतं तेव्हा इथल्या घरांना जंगल हात देतं. मार्च-एप्रिलात मोहफुलं, मे महिन्यात तेंदू. पानाचा हंगाम जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा; वळीव पडला, गारपीट झाली की पान डागाळतं आणि संपतं. म्हणून तेवढ्या दिवसांत अख्खं घर जुंपलेलं असतं. उजाडण्याआधी निघायचं, ऊन चढेस्तोवर पानं खुडायची, भारे डोक्यावर घेऊन यायचं, दुपारभर ओसरीत बसून पुडे बांधायचे, संध्याकाळी फळीवर नेऊन मोजून द्यायचे. फळीवर पुडे उन्हात उलटसुलट वाळत घातलेले असतात, मुनीम वही घेऊन बसलेला असतो. या पैशांतून जूनमधलं बियाणं येतं आणि पोरांची शाळा सुरू होते.

आता वेळ बघा. पहाट ते साडेनऊ-दहा. ताडोबाच्या सकाळच्या सफारीची हीच वेळ, कारण वाघ तेव्हा फिरतो. जागा बघा. तेंदूची झुडपं कमरेएवढी, पान खुडायला वाकावं किंवा उकिडवं बसावं लागतं, आणि वाकलेला माणूस वाघाला माणूस वाटत नाही. नाल्याकाठी सावली असते, थोडी ओल असते, झुडपं हिरवी असतात. बायका तिकडे जातात. वाघही ऊन टाळायला तिथेच पडून असतो. १० मे २०२५ ला सिंदेवाही तालुक्यात तेंदू तोडायला गेलेल्या तीन बायकांचा एकाच दिवशी वाघिणीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. ताडोबाच्या पर्यटनाचा हंगाम त्या आठवड्यात ऐन भरात होता.

एका गावात पुडे बांधणाऱ्या बायकांपाशी बराच वेळ बसलो. वाघ पाहिलाय का, असं विचारल्यावर त्यांना हसू आलं. पाहणं ही त्यांच्या दृष्टीने सांगण्यासारखी गोष्टच नव्हती. कोणाला बोडीवर दिसला, कोणाला कापूस वेचताना. एकीने सांगितलं की टोळी करून जातो, मोठ्याने बोलतो, मध्येच डबा वाजवतो, पण पान दिसलं की पांगतो, कारण प्रत्येकीला आपला भारा भरायचा असतो. खातं हंगामात जपून राहण्याच्या सूचना देतं, गावांत प्राथमिक बचाव दल नेमलंय, मृत्यू झाला तर वारसांना २५ लाख मिळतात. पैसे मिळतात, हे त्यांनी मान्य केलं. घरातली बाई परत येत नाही, हे वेगळं सांगावं लागलं नाही.

याच गावांतली मुलं-मुली गाइड आहेत, जिप्सी चालवतात, रिसॉर्टच्या स्वयंपाकघरात आहेत. गेटवरच्या उत्पन्नातून गावाच्या समितीला वाटा येतो, गॅस शेगड्या आल्या, लाकडासाठी जंगलात जाणं कमी झालं. वाघाचं भलं आणि गावाचं भलं यांची सांगड घालणारे प्रयत्न खोटे नाहीत. पण गेटला लागून असलेलं गाव आणि वीस-पंचवीस किलोमीटर लांबचं गाव यांच्यात फार फरक पडतो. वाघ दोन्हीकडे आहे, जिप्सी एकीकडेच. ज्या गावाला वाघाचे पैसे मिळत नाहीत त्या गावालाही तेंदू तोडायला जंगलात जावंच लागतं. पर्यटनाने संघर्ष मिटेल असं व्यासपीठावर बोलणाऱ्यांनी निदान हा नकाशा समोर ठेवावा.

उन्हाळा संपत आला की जंगल पुन्हा पसरतं. मेअखेर नवरंग पक्षी येऊन शिट्टी घालू लागतो, पहिल्या दोन पावसांत नाल्यांना पाणी लागतं, बश्या बिनकामाच्या होतात. १ जुलैपासून गाभ्यातली सफारी तीन महिने बंद.

पुढच्या मे महिन्यात जाणार असाल, तर रिसॉर्ट ठरवताना एसीच्या आधी एक विचारा: कुंपणालगत स्वतःचा पाणवठा केला आहे का? केला असेल तर दुसरीकडे राहा. जिप्सीत बसल्याबरोबर ड्रायव्हरला सांगून ठेवा की गाडी पळवायची नाही, एखाद्या पाण्यावर तासभर थांबायचं आहे, वाघ नाही आला तरी बक्षिसी ठरलेली आहे. आणि परतताना बफरच्या रस्त्यावर डोक्यावर भारा घेऊन चाललेल्या बायका दिसल्या, तर गाडी हळू घ्यायला सांगा. त्या रस्त्याची धूळ फार उडते.